गावातल्या संस्थेला देणगी द्यायची असेल तर

२०१९ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडच्या एका छावणीत मी चार दिवस होतो. जुन्या कपड्यांची गाठोडी छताला लागली होती, आणि बायका दबक्या आवाजात सॅनिटरी पॅड आहेत का विचारत होत्या. ती गाठोडी देणाऱ्यांची माया खरी होती. फक्त काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही आठ-दहा मित्र दरमहा पैसे बाजूला काढतो आणि जिल्ह्यातल्याच संस्थांना देतो. त्यातून जे उमगलं ते सांगतो.

आधी एकच प्रश्न निवडा आणि एकच परिसर. उदाहरणार्थ, ऊसतोड मजुरांची मुलं. हंगामात टोळ्या उतरतात, खोपी उभ्या राहतात आणि मुलांची शाळा सुटते. अशा तळावर वर्ग चालवणारी एखादी लहान संस्था शोधा.

मग तिथे जा. हार-तुरे नकोत, वर्ग भरायच्या वेळी जा आणि मागे बसा. हजेरीपट बघा, पण शिकवणाऱ्या ताईंशी जास्त बोला. एका ताईंनी मला वहीचं शेवटचं पान दाखवलं होतं. कोणतं मूल कोणत्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला खोपीत थांबलं, हे त्यांनी पेन्सिलीनं टिपून ठेवलं होतं. कुठल्याही अहवालापेक्षा मला त्या पानावरून जास्त कळलं. एकदा जाऊन भागत नाही, दोनदा तरी जा.

कागदपत्रं त्यानंतर. धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडचं नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट-१ चा उतारा (यात विश्वस्तांची नावं असतात), मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं एवढं मागा. उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्ताचं नाव अजून असेल तर बदल अर्ज मंजूर झालेला नाही असं समजा. पण तेवढ्यावरून पाठ फिरवू नका. काम चोख आणि कागद कच्चे अशा संस्था पुष्कळ असतात; तिथे पहिली मदत म्हणून सीएची फी द्या.

आता मुख्य गोष्ट, पैसे कशासाठी द्यायचे. पाट्या, दप्तरं, खाऊ द्यायला सगळे तयार असतात. ताईंचं मानधन, भाडं, वीजबिल द्यायला कुणी पुढे येत नाही, कारण त्यावर नाव घालता येत नाही. तेच द्या. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापूर शहरात वसतिगृहं उभी करायला बळ दिलं, तेव्हा जागा-इमारतींबरोबर वर्षासनाचीही, म्हणजे दरवर्षीच्या ठरावीक रकमेचीही, सोय केली. मुलांना रोज दोन वेळा जेवायला लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. दहा जणांनी महिना १,००० रुपये काढले तर वर्षाला १,२०,००० होतात. ही रक्कम सलग तीन वर्षं देऊ, असं एका पानाच्या पत्रात लिहून द्या. हप्ते, तारखा आणि कामाचं स्वरूपही त्यातच लिहा. हिशेब दोन पानी पुरतो. चेक धरलेल्या मुलांचे फोटो मागू नका.

कराचं थोडक्यात: ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरची प्राप्तिकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी तिच्यात बसत नाही. दुबईतला भाऊ भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मामांकडून पैसे घ्यायला मात्र संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या मोठ्या कारखान्याचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी ठेवलेला, निधी मिळवायचा असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी करून घ्या.

पहिला हप्ता दसऱ्याआधी पोचवा. टोळ्या आल्यावर शिकवायला माणूस शोधू लागलं, तर निम्मा हंगाम त्यातच जातो.