सालीचा अर्क तपासायला घेण्याआधी

औषधी गुणासाठी झाडाच्या सालीचा अर्क तपासायचा असेल, तर आधी झाडाची ओळख पक्की करा. नुसत्या सालीवरून जात ठरवू नये. त्याच झाडाची पानाफुलांसकट फांदी दाबून वाळवा, वनस्पतितज्ज्ञाला दाखवा, नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करून त्याचा क्रमांक वहीत लिहा. साल काढायची परवानगी हातात हवी. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं की झाड मरतं, म्हणून फांद्यांवरून उभ्या अरुंद पट्ट्या घ्या. १९७१ साली ज्याची रचना जाहीर झाली ते टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतलं, आणि सुरुवातीला त्यापायी झाडंच्या झाडं गेली. एका झाडाची साल तीनदा तपासणं पुरेसं नाही. किमान तीन वेगळी झाडं हवीत.

वाळवण्याआधी शेवाळ आणि दगडफूल खरवडून टाका. काही दगडफुलांत अस्निक आम्ल असतं, ते जिवाणू मारतं, आणि श्रेय मात्र सालीला जातं. मग सावलीत वाळवून, दळून, चाळून घ्या. पाण्याचा आणि मिथेनॉलचा अर्क वेगवेगळा काढा; मिथेनॉल ४० अंशांच्या आसपास उडवा, पाण्याचा अर्क गोठवून सुकवा. किती ग्रॅम सालीतून किती अर्क निघाला हे नोंदवून उणे २० अंशांत ठेवा.

खरी तयारी टॅनिनसाठी, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्यासाठी. सालीत ते बहुधा भरपूर असतं आणि प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं. त्यामुळे एन्झाइमच्या चाचणीत कितीतरी साली उगाच गुणकारी ठरतात. टॅनिन धरून ठेवणारी पीव्हीपीपी ही पूड आधीच मागवा, अर्काचा एक भाग त्यातून काढा आणि दोन्ही भाग एकाच प्लेटमध्ये (छोट्या खळग्यांच्या तबकडीत) तपासा. टॅनिनबरोबर परिणामही नाहीसा झाला, तर नवं औषध सापडल्याचा दावा करू नका.

प्लेटचा नकाशा कागदावर आधी आखा. नुसत्या डीएमएसओचे (अर्क विरघळवायच्या द्रवाचे) वेल म्हणजे खळगे, माहीत असलेल्या औषधाचे वेल आणि फक्त अर्काचे वेल, कारण अर्काचा तपकिरी रंग यंत्राच्या आकड्यात मिसळतो. एमटीटी (जिवंत पेशी ज्या पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करतात, त्याची चाचणी) करणार असाल तर पेशी नसलेल्या वेलमध्येही अर्क आणि एमटीटी घाला. काही अर्क पेशींशिवायच ते जांभळं करतात. पेशींवर डीएमएसओ शेवटी ०.५ टक्क्याच्या आत राहील असं गणित बसवा. जंतूंवरची चाचणी ठरवताना माणसाच्या पेशींवरची चाचणीही त्याच मात्रांनी आखा: जी मात्रा दोघांनाही मारते, तिला जंतुनाशक गुण म्हणता येत नाही.