डेकमधून पाणी झिरपतंय? वरून सिलिकॉन फासू नका

१९७०-८०च्या दशकांतल्या बऱ्याच फायबरग्लास शिडाच्या बोटींच्या डेकमध्ये, म्हणजे वरच्या सपाट भागात, फायबरग्लासच्या दोन थरांच्या मधे बाल्साचं हलकं लाकूड असतं. कठड्याच्या खांबाचा बोल्ट ढिला झाला की पाणी आधी या लाकडात शिरतं. केबिनमध्ये थेंब दिसेपर्यंत आत कुजायला सुरुवातही झालेली असू शकते. प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर लाकूड खराब झाल्याची शंका घ्या.

अशा वेळी वरून सिलिकॉन फासायचा मोह कृपया टाळा! त्याचा अंश मागे राहतो आणि पुढे त्यावर काहीच नीट चिकटत नाही. बोल्ट काढा, भोक मोठं करा, ओलं लाकूड खरवडा आणि पूर्ण वाळू द्या. या पायरीला घाई नकोच. मग खालून टेप लावून दाट केलेलं इपॉक्सी (वाळून कडक होणारी चिकट राळ) भरा. ते कडक झालं की त्यातच बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडा, म्हणजे पुन्हा गळती झाली तरी पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही. भोकाची वरची कड थोडी उतरती करा, बोल्टभोवती ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) गुंडाळा. आवळताना बोल्ट स्थिर धरून खालून फक्त नट फिरवायचा, तोही दोन-तीन दिवस थोडा थोडा.