वकिलाची तक्रार बार कौन्सिलकडे करायचीय? आधी केस वाचवा, मग अर्ज लिहा

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या अक्का माझ्याकडे आल्या. आयुष्यभर विड्या वळून घेतलेल्या छोट्याशा जागेचा दावा सोलापूर कोर्टात चालू होता आणि वकीलसाहेब फोनच उचलेनात, दोन वर्षं फक्त "पुढची तारीख कळवतो" एवढंच ऐकत होत्या त्या. मी मोबाईलवर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप उघडून बघितलं तर दावा तीन आठवड्यांपूर्वीच गैरहजेरीत निकाली निघालेला. अक्का रडत रडत म्हणाल्या, त्याची सनदच (वकिलीचा परवाना) घालवायची आता. मी म्हणलं अक्का, सनदीचं नंतर बघू, आधी जागेचं बघा.

तर पहिली गोष्ट हीच. गैरहजेरीत निकाली निघालेला दावा परत बोर्डावर आणायला निकालाच्या तारखेपासून 30 दिवसांत अर्ज द्यावा लागतो, उशीर झाला तर त्याच्यासोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज आणि उशिराचं खरं कारण लागतं. बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणारी संस्था, तुमचा दावा परत चालू करून देत नाही, बुडालेले पैसेही भरून देत नाही, ती फक्त वकिलाच्या सनदीबद्दल ठरवते. हे समजून न घेता लोक सहा महिने तक्रारीच्या मागं लागतात आणि तोवर मूळ केस हातातून जाते, मी हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय. नवीन वकील बघा, जुन्यानं नो ऑब्जेक्शन (नवीन वकिलाला हरकत नाही असं लेखी) दिलं नाही तर कोर्टाला अर्ज करून परवानगी मागता येते.

आता कागद. सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसचा स्वतंत्र नंबर, 16 अक्षरी असतो, तो अ‍ॅपमधे टाकला की तारखा दिसतात, पण खरा पुरावा रोजनामा. कुठल्या तारखेला कोण हजर होतं, काय झालं, सगळं त्यात असतं, म्हणून कोर्टात नकलेचा अर्ज करून रोजनाम्याची, निकालाची आणि वकीलपत्राची सही-शिक्क्याची नक्कल काढा. वकीलपत्रावर वकिलाचं पूर्ण नाव आणि बहुतेक वेळा सनद नंबरही सापडतो. फी दिल्याचं यूपीआय, चेक, चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जे असेल ते प्रिंट काढून ठेवा, आणि मोबाईल बदलायच्या आधी काढा. रोख दिली असेल आणि पावती नसेल तर कुणासमोर दिली त्या माणसाचं नाव लिहून ठेवा.

फाईल अडकवून ठेवली असेल तर आधी रजिस्टर पोस्टानं नोटीस द्या, की अमुक दिवसांत माझे मूळ कागद परत करा. "बाकी फी दे, मग फाईल देतो" हे चालत नाही, सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगितलंय की फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल दाबून ठेवता येत नाही, फी वसूल करायची तर त्यानं वेगळा मार्ग घ्यावा. अक्कांची फाईल ह्या एका नोटिशीवर आठ दिवसांत घरपोच आली.

मग प्रश्न येतो की तक्रार कशाची होते. केस हरली ही तक्रार नाही. सल्ला चुकला, एखादा मुद्दा मांडायचा राहिला, एवढ्यानं सहसा काही होत नाही. पण कोर्टातून आलेली तुमची रक्कम स्वतःकडं ठेवली, तुम्हाला न विचारता तडजोड केली, समोरच्या पार्टीशी संधान बांधलं, खोटी सही केली, जजसाहेबांना द्यायचेत म्हणून पैसे घेतले, किंवा निकालात मिळेल त्यातला टक्का फी म्हणून ठरवला, ही गैरवर्तणूक झाली. अपघात भरपाईच्या केसमधे हा टक्क्याचा प्रकार लोकांना नॉर्मल वाटतो, तो नियमात बसत नाही. आणि समोरच्याच्या वकिलानं तुमचा कडक उलटतपास घेतला म्हणून त्याच्यावर तक्रार करू नका, ते त्याचं कामच आहे.

कुठं करायची ह्यात लई गोंधळ आहे. सोलापूर बार असोसिएशन ही वकिलांची संघटना, तिथं बोलून समजुतीनं फाईल मिळत असेल तर जरूर बोला, पण सनदीवर कारवाई तिच्या हातात नाही. कोल्हापूरला 18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर त्यात आहे, म्हणून काहीजण तक्रार घेऊन कोल्हापूरला जायचं म्हणतात, तसं नाही. ग्राहक आयोगातही जाऊ नका, 14 मे 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवलीय. तक्रार जाते मुंबईला, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडं, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 च्या कलम 35 खाली. सही खोटी मारली असेल किंवा पैसे खाल्ले असतील तर पोलीस तक्रार वेगळी, ती ह्याच्यासोबत चालू शकते.

अर्ज मराठीत चालतो, नियमातच तशी सोय आहे. खाली सही आणि व्हेरिफिकेशन (लिहिलेलं खरं आहे असा सहीनिशी मजकूर) पाहिजे, फी भरावी लागते, फी किती आणि प्रती किती हे ऑफिसला फोन करून विचारून घ्या. लिहिताना मात्र राग बाजूला ठेवा. अक्कांच्या मुलानं पहिला ड्राफ्ट केला त्यात दोन पानं नुसत्या शिव्याशाप आणि तारीख एकसुद्धा नाही, आम्ही तो फाडला आणि परत लिहिला: अमुक तारखेला वकीलपत्र दिलं, अमुक तारखेला एवढी फी, रोजनाम्यानुसार अमुक अमुक तारखांना वकील गैरहजर, त्याच काळात व्हॉट्सअ‍ॅपवर "काम चालू आहे" असा मेसेज. प्रत्येक वाक्यासमोर कागदाचा नंबर. दीड पानात झालं. जे सिद्ध करता येणार नाही ते लिहूच नका, कारण सनदीचा विषय असल्यानं पुरावा कडक मागतात आणि एक वाक्य खोटं निघालं की बाकीच्यावरचाही विश्वास जातो, खर्चही बसवू शकतात.

पुढं कौन्सिल वकिलाचं म्हणणं मागवते, दम वाटला तर प्रकरण शिस्तपालन समितीकडं जातं. तिघांची समिती, दोन कौन्सिलचे सदस्य आणि तिसरा किमान 10 वर्षं वकिली केलेला. तिथं साक्ष होते, तुमचाही उलटतपास होतो. शेवटी तक्रार फेटाळणं, ताकीद, ठरावीक काळ सनद निलंबित, किंवा नाव कायमचं कमी, ह्यातलं काहीतरी. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं जातं. राज्याच्या कौन्सिलच्या समितीचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडं अपील, त्यानंतर सुप्रीम कोर्ट.

मधे एखादा मध्यस्थ घरी येतो, पैसे घ्या आणि तक्रार मागं घ्या म्हणतो. तुमचे हक्काचे पैसे परत मिळत असतील तर पावती करून घ्या, पण तक्रार मागं घेतली की प्रकरण आपोआप बंद होतं असं नाही, नुसती तडजोड झाली म्हणून ते सोडून देता येत नाही असा नियम आहे. त्यामुळं "तक्रार संपवून देतो" असं लिहून देऊ नका.

तारीख लागली की रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, सकाळी सीएसएमटीला उतरलं की फोर्टमधलं हायकोर्ट चालत जाण्यासारखं आहे, बार कौन्सिलचं ऑफिस तिथल्या एक्स्टेन्शन बिल्डिंगमधे. मूळ कागद समितीसमोर दाखवायला सोबत घ्या पण देताना झेरॉक्सच द्या, आणि जे काही द्याल त्याच्या आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.