ट्रेलरवर न्यायच्या शिडाच्या होडीत वजन कुठे ठेवावे
जळगावहून हतनूर धरणाच्या पाण्यावर होडी ओढून न्यायची, तर आतली मांडणी रस्त्याचाही विचार करून करा. हतनूरला गाळ फार, म्हणून वर उचलता येणारा सेंटरबोर्डच (होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी उभी फळी) हवा. बॅटरी आणि पाण्याची टाकी तो ज्यात वर ओढला जातो त्या पेटीलगत, तळाशी बसवा. मागे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या बाहेर लावलेले इंजिन, असतेच. पेट्रोल, नांगरही मागे गेले की ट्रेलर वेगात डोलू लागतो, आणि जोरात ब्रेक मारला तर डोल वाढतो. होडी-ट्रेलर मिळून 900 किलो असतील, तर ट्रेलरच्या गाडीशी जोडणीच्या टोकावर 65 ते 90 किलो भार हवा. सपाट जागी, जोडणीच्याच उंचीवर वजनकाट्याने मोजा. कमी भरला तर होडी ट्रेलरवर पुढे सरकवा. टाकी रिकामीच न्या, 60 लिटर म्हणजे 60 किलो. सेंटरबोर्ड ट्रेलरच्या आडव्या दांडीवर टेकवा. तो उचलणाऱ्या नुसत्या वायरवर लटकत राहिला, तर खड्ड्यांच्या हादऱ्यांनी वायर तुटते.