गाळ उपसण्याआधी

ड्रेजर, म्हणजे नदीतला गाळ उपसणारं जहाज, सगळ्यात शेवटी बोलवायचा. आधी मोजणी. काठावर पाण्याच्या पातळीची पट्टी रोवा आणि एक माणूस तिथे बसवा; बोट खोली घेत असताना तो दर दहा मिनिटांनी पातळी टिपेल. पाणी वीतभर चढलं तरी खोलीचा आकडा तेवढाच चुकतो. तळ मऊ असेल तर दोन फ्रिक्वेन्सींचा एको साउंडर (आवाजाची लहर सोडून खोली मोजणारं यंत्र) घ्या: २०० किलोहर्ट्झला गाळाचा वरचा थर दिसतो, ३३ किलोहर्ट्झची लहर आत शिरून खालचा घट्ट तळ दाखवते. तरीही शिशाचा ओळंबा सोबत हवाच. वाळूवर तो टक्कन थांबतो, चिखलात हळूच रुततो, आणि हा फरक दोरी धरलेल्या हाताला लगेच कळतो.

आकडे नकाशावर उतरवले की गाळ कुठे बसलाय ते दिसतं: वळणाच्या आतल्या अंगाला, ओढा मिळतो तिथे, धक्क्याच्या आडोशाला. तेवढाच काढायचा. आपलं काम मूळची खोली परत मिळवण्याचं आहे, नदी नव्याने खणण्याचं नाही. धक्क्याच्या पायाशी तर हात आखडताच ठेवा. तिथली माती गेली की धक्काच कलतो.

मला खरी काळजी असते उपसलेल्या गाळाची. जड धातू बारीक चिखलाला चिकटून राहतात, म्हणून नमुने आधीच तपासून घ्या. गाळ कुठे टाकता येईल ते त्यावरच ठरतं. पंपाने काढलेला गाळ पाण्यासकट येतो आणि तळात होता त्याहून कितीतरी जास्त जागा व्यापतो. गाळ टाकायच्या जागेभोवतीचा बांध त्या हिशेबाने घाला. सांडव्याला काढ-घाल करता येणाऱ्या फळ्या बसवा, म्हणजे वरचं निवळलेलं पाणीच नदीत परत जाईल.

परवानग्या, पाण्याखालच्या केबल आणि नळ यांची माहिती लवकर मागवा. माशांच्या विणीचा काळ सोडून तारखा धरा. गढूळ पाणी पसरू नये म्हणून पाण्यात सोडतात त्या गाळरोधक पडद्यावर फार भिस्त नको; जोराच्या प्रवाहात तो वर उचलला जातो.

बोटवाल्यांना आगाऊ कळवा. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ड्रेजरच्या अडलेल्या, म्हणजे जिथून जाता येत नाही त्या, बाजूला दिवसा एकाखाली एक दोन गोळे, रात्री दोन लाल दिवे. मोकळ्या बाजूला दिवसा दोन हिऱ्याच्या आकाराच्या खुणा, रात्री दोन हिरवे दिवे.

शेवटची मोजणी बोट आधी ज्या रेषांवरून फिरली त्याच रेषांवर, त्याच पट्टीवरून. ती पूर्ण होईपर्यंत ड्रेजर सोडू नका.