विसर्जनाच्या दिवशी एक चॅनेल आणि तीन सेटिंग

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीच्या गर्दीत मोबाइलचा भरवसा नसतो. म्हणून आमचे स्वयंसेवक, रुग्णवाहिका आणि घाटावरचे जीवरक्षक यांच्यात वॉकीटॉकीचं एकच व्हीएचएफ चॅनेल ठरलं होतं. परवाना रीतसर, फ्रिक्वेन्सी एक. तरी घाटावरचा कॉल अलका चौकात आमच्यापर्यंत पोचायचाच नाही. आमचं मात्र त्यांना व्यवस्थित ऐकू जायचं. सगळ्यांचं एकच पालुपद : बॅटरी बदला.

सेट शेजारी शेजारी ठेवून सेटिंग पाहिलं. टोन म्हणजे बोलण्याबरोबर जाणारा, स्पीकरवर ऐकू न येणारा सूर. आमचा टोन ८८.५ हर्ट्झ, रुग्णवाहिकांचा १००, घाटावर टोनच नाही. टोन लावलेल्या सेटवर हा सीटीसीएसएस टोन जुळला नाही तर स्पीकर गप्प राहतो, पण फ्रिक्वेन्सी तीच असते. चॅनेल मोकळं समजून माणूस बटण दाबतो, आणि या सेटच्या एफएम पद्धतीत जोरदार सिग्नल कमजोराला गिळतो. टोन लावला की चॅनेल खासगी होतं, हा समज कुठून आला देव जाणे.

सगळ्या सेटवरचा रिसीव्ह टोन, म्हणजे ऐकण्यासाठीची टोनची अट, काढून टाकला. चॅनेलवर कुणी बोलत असताना बटण दाबलं तरी सेट बोलू देणार नाही, हे लॉकही लावलं. फक्त कंट्रोलच्या, म्हणजे नियंत्रण कक्षाच्या, सेटला सूट. खरखर थोडी वाढली, तक्रारी आल्या, ऐकून घेतल्या.

दुसरी भानगड सांकेतिक आकड्यांची. प्रत्येकाचा ‘चार नंबर’ वेगळा! आता सरळ मराठी : “कंट्रोल, भिडे पूल, एक जण बेशुद्ध, रुग्णवाहिका पाठवा.” कंट्रोल तेच परत म्हणतो, मगच गाडी हलते.

भाड्याचे सेट दरवर्षी कुणाचं तरी जुनं सेटिंग घेऊनच येतात. ते बदलायला प्रोग्रामिंग केबल बरोबर ठेवा.