मे महिन्याचं ऊन पुरवून वापरा: पावसाआधी घर कसं लावायचं

पावसाच्या आधी घर आवरायचं म्हटलं की आपण खोलीप्रमाणे यादी करतो, आधी किचन मग बेडरूम मग माळा, मी पण कितीतरी वर्षं तसंच करायचे. त्यात होतं काय की डबे घासण्यात पहिले दोन रविवार जातात आणि गाद्या, गहू गच्चीवर न्यायची वेळ येते तेव्हा आभाळ भरून आलेलं असतं. डबे जुलैत भर पावसातही घासता येतात, गादी मात्र तेव्हा वाळत नाही. म्हणून आता यादी खोल्यांची करतच नाही, उन्हाची करते, म्हणजे कशाला ऊन लागतं ते एका पानावर, कशासाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागतो ते दुसऱ्या पानावर, आणि उरलेली सगळी आपल्या हातची कामं मागे ढकलायची. एवढं वहीत वेगळं लिहून काढलं तरी खूप हलकं वाटतं, खरंच करून बघा.

आता दिवस किती आहेत ते मोजा. आम्ही बदलापूरला राहतो, हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो आणि घरात सासूबाईंचा हिशोब मृगाचा, म्हणजे ७-८ जून. पण २०२५ ला तो २६ मेलाच मुंबईत हजर झाला, तेव्हा ज्यांनी शेवटचा रविवार राखून ठेवला होता त्यांचं सगळं वाळवण तसंच राहिलं. तेव्हापासून मी शेवटची तारीख २० मे धरते. नोकरी करणाऱ्या माणसाला तोवर एप्रिलचे शेवटचे दोन आणि मेचे जेमतेम तीन रविवार मिळतात, त्यातला एखादा लग्नात जाणार हे धरूनच चाला, वर दुपारी वळीव येऊ शकतो म्हणून सामान तीन-साडेतीनला उचलायचंच. एवढंच ऊन आपल्या हातात आहे, ते पुरवून वापरायचं.

बाहेरच्या माणसाची कामं एप्रिलमध्येच. मिस्त्री, प्लंबर, इलेक्ट्रिशियन मेच्या शेवटी कुणालाच मिळत नाहीत, आणि गच्चीचं किंवा बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग तर कोरड्या भिंतीवरच करावं लागतं, वर पाणी साठवून गळतंय का ते काही दिवस बघावं लागतं. एकदा आमच्या वरच्या भिंतीचं काम घाईघाईत जूनच्या तोंडावर झालं आणि ऑगस्टपर्यंत बेडरूमच्या कोपऱ्यात ओल होती, तेव्हा हे शिकले. त्याच फेरीत बाल्कनीतलं आणि गच्चीतलं पाणी जायचं भोक साफ, एसीच्या पाइपची भिंतीतली जागा सील, आणि खिडकीच्या स्लायडिंगच्या खाचेत खाली बारीक भोकं असतात ती टाचणीने मोकळी करा, ती बुजली की पाणी आत येतं आणि आपल्याला वाटतं खिडकीच खराब आहे. छत्री दुरुस्तीवाला दिसला की तिथल्या तिथे छत्र्या देऊन टाका.

मग ऊन. पहिल्या रविवारी गाद्या आणि उश्या, कारण त्या जड असतात आणि माणसं लागतात. सकाळी नऊला वर, दुपारी एकदा उलटायच्या, काठीने झोडपायच्या, आणि खाली आणल्यावर लगेच चादर घालायची नाही, गार होऊ द्यायच्या. नुसतं घरात ठेवून पंखा लावला तर आतली ओल जात नाही.

दुसरा रविवार धान्याचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. गहू कडक उन्हात दोन दिवस, पण डब्यात भरायच्या आधी रात्रभर पसरून गार करा, गरम गहू झाकण लावून ठेवला की आत घाम धरतो आणि महिन्याभरात टोके होतात. तांदूळ उन्हात टाकू नका, दाणा तडकतो आणि भाताची कणी होते, तो सावलीत वाऱ्यावर पसरा. तूरडाळीला ऊन दाखवून किलोला साधारण एक छोटा चमचा एरंडेल तेल हाताने चोळायचं, करताना धुवून घेतली की वास राहत नाही. गव्हाच्या पिंपात कडुलिंबाचा पाला घालायचा तो पूर्ण वाळवून, ओला पाला घातला तर त्याचीच बुरशी येते. लाल तिखटात हिंगाचे खडे, बरणी काचेची आणि चमचा कोरडा. पापड, कुरडया, सांडगे डब्यात भरण्याआधी परत एकदा एक ऊन द्या, केल्यावर वाळवले होते म्हणून सोडू नका, नाहीतर जुलैत सादळतात. कांदा उन्हाळीच घ्या, तो टिकतो, पण पोत्यात दाबून ठेवायचा नाही, जाळीच्या टोपलीत हवेशीर, आणि बटाट्यापासून लांब. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, तिथे ह्या सगळ्याला आगोटीची तयारी म्हणतात आणि त्यात सुकट, बोंबील, सोडे यांचा वेगळा डबा असतोच, कारण आपल्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. सुकी मासळी पण उन्हात खडखडीत करून घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा डाळी-तांदळापासून दूर.

किती भरायचं हा प्रश्न मला खूप जणी विचारतात. सासूबाई वर्षाचं भरायच्या कारण घरात नऊ माणसं आणि वाण्याचं दुकान लांब, आता आम्ही चौघं आणि खाली दुकान आहे, मग वर्षाचा गहू भरून तो सांभाळण्यातच जीव जातो. मी चार महिन्यांचं भरते. प्रत्येक डब्याला कागदी टेप लावून मार्करने भरल्याची तारीख लिहायची, जुनं पुढे नवीन मागे.

तिसऱ्या रविवारी कपडे आणि कागद. लोकरीचं आणि गोधड्या कडक उन्हात चालतात, पण पैठणी किंवा जरीची साडी थेट उन्हात नको, रंग उडतो, घरातच पंख्याखाली मोकळी करा, घडी बदला (एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की तिथेच चिरते) आणि धुतलेल्या मलमलच्या नाहीतर जुन्या सुती कापडात गुंडाळा. जरीला डांबरगोळी लागू देऊ नका, जर काळी पडते, त्याऐवजी लवंगा आणि वेखंडाची पुरचुंडी ठेवायची. कपाट भिंतीला चिकटवून असेल तर चार बोटं पुढे ओढा, मागे हवा खेळली पाहिजे, कुबट वास बहुतेक तिथूनच येतो.

कागदांचं मी कळकळीने सांगते. घराचं अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गावचा सातबारा, जन्मदाखले, मार्कशीट, पॉलिसी हे सगळं घरात एकाच फाइलमध्ये, प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिक कव्हरमध्ये, आणि ती फाइल झिपच्या पिशवीत. त्याआधी कागदांना तासभर हवा द्या, ओलसर कागद बंद केला तर आतल्या आत चिकटतो, माझ्या बारावीच्या मार्कशीटचं तेच झालं होतं आणि दुसरी प्रत काढायला दोन वर्षं खेटे घातले. एक दिवस बसून सगळ्याचे फोटो काढा, डिजिलॉकरवर जे मिळतं ते घ्या, पण मूळ कागद मूळच असतो. आणि तो कुठे ठेवायचा, तर डोक्याच्या वर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा माझ्या मावसबहिणीने पाणी घरात शिरताना सगळ्या फाइली पलंगावर ठेवल्या, पाणी वाढलं तसा पलंगच तरंगला आणि उलटला. ती आता सांगते, पलंगावर नाही, टेबलावर नाही, माळ्यावर ठेवा. तळमजल्यावर राहत असाल तर ही फाइल आणि चार दिवसांचे कपडे एका सॅकमध्ये भरून माळ्यावर, हात पोचेल असं. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात भांडी ठेवा, ओली झाली तरी धुता येतात.

शहरातली खरी बेगमी मला वाटतं चार-पाच दिवसांची, लोकल बंद आणि लाइट नाही अशा वेळची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आमच्या कल्याण-बदलापूरच्या पट्ट्यातही घराघरांत पाणी होतं, ते दिवस ज्यांनी काढलेत ते आजही टॉर्च कुठे आहे हे अंधारात सांगू शकतात. तर एक डबा असा: टॉर्च आणि जास्तीचे सेल, मेणबत्त्या-काडेपेटी प्लास्टिकमध्ये, चार्ज केलेली पॉवरबँक, घरातल्यांच्या रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, दूध पावडर, चिवडा-लाडू, थोडे सुटे पैसे. झाकणाच्या आतल्या बाजूला जवळच्या चार लोकांचे फोन नंबर कागदावर लिहून चिकटवा, मोबाइल बंद पडला की एकही नंबर पाठ नसतो. फक्त हा डबा कुठे आहे ते मुलांनाही माहीत पाहिजे. पाण्याची दोन भांडी रोज रात्री भरून ठेवायची सवय जूनपासून लावा.

रविवारची वेळ कशी लावायची तेही सांगते. शनिवारी रात्री सामान काढून दारापाशी ठेवायचं, सकाळी नुसतं वर न्यायचं. सगळे जण काढण्याचा वेळ धरतात आणि परत ठेवण्याचा धरत नाहीत, म्हणून रात्री दहाला हॉलमध्ये ढीग असतो आणि चिडचिड होते. चार ते सहा हे दोन तास फक्त परत लावायला, त्या वेळात पाहुणे नकोत, बाजार नको. काय टाकायचं ते पण तेव्हाच ठरवा, गेल्या पावसात जे एकदाही लागलं नाही ते परत माळ्यावर चढवू नका. घरातल्या सगळ्यांना कामं वाटून द्या, आमचा मुलगा आठवीत आहे, तारखा लिहायचं आणि फोटो काढायचं काम त्याचं, आणि तो ते मनापासून करतो.

२० मेनंतर डबे घासा, कप्प्यांतले पेपर बदला, पायपुसणी, रेनकोट, जुन्या टॉवेलांचे बोळे काढा, ह्याला आता ऊन लागत नाही, रोज अर्धा तास पुरतो. दाराशी ओल्या छत्रीसाठी बादली आणि चपलांना जाळीचा स्टँड. कपडे वाळत घालायची घरातली दोरी ह्याच दिवसांत बांधून घ्या, पंख्याच्या वाऱ्यात येईल अशी, आणि बांधायच्या आधी एक डबलची चादर टाकून बघा, ती जमिनीला न टेकता मावली पाहिजे.